मदतीची गाडी कुठे थांबते? : आपत्ती, चर्च आणि दलित वस्ती

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता काळबादेवी, आरे, वारे, नेवरे असा जातो. आरे आणि वारे यांच्यामधल्या डोंगराच्या कडेने गाडी वळली की खाली समुद्र दिसतो आणि शहरातून आलेला पाहुणा तिथे हमखास उतरतो. वादळानंतर हाच किनारा ओळखू येत नाही. सुरूची झाडे आडवी पडतात, विजेचे खांब वाकतात, घरावरची कौले आणि पत्रे कुठल्या कुठे जातात. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण, खेड, महाड बुडवणारा महापूर एवढे सगळे कोकणपट्टीने बारा वर्षांत पाहिले. अशा प्रत्येक वेळी बाहेरून मदतीच्या गाड्या येतात. त्यांत सरकारच्या असतात, मंडळांच्या असतात, पक्षांच्या असतात आणि चर्चच्याही असतात. गाडी थांबते ती डांबरी रस्त्यावर, ग्रामपंचायतीसमोर, देवळासमोर किंवा चार दुकाने असतील तिथे. कोकणातले गाव मात्र एका जागी नसते. ते वाड्यावाड्यांनी पसरलेले असते, आणि बौद्धवाडी, चर्मकारवाडी बहुधा टोकाला, पऱ्याच्या पलीकडे नाहीतर उताराच्या अंगाला असते. गाडी थांबली तिथून ती वस्ती किती लांब आहे, हा प्रश्न मैलांत मोजण्याचा नाही.

चर्चच्या मदतकार्याविषयी आपल्या चळवळीत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक कृतज्ञतेचे : पाद्री नसते तर आमच्या आजोबांना अक्षर दिसले नसते. दुसरे संशयाचे : त्यांनी भाकरी दाखवून माणसे नेली. दोन्ही बोलणी पिढ्यानपिढ्या तशीच चालत आली आहेत. ती मदत प्रत्यक्षात कशी चालली, कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेली आणि दुष्काळ सरल्यावर मागे काय उरले, याचा तपास फारसा होत नाही. हा लेख त्या तपासापुरता आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी ती जातिव्यवस्था आणि आपत्ती यांच्या संबंधाची. पाऊस जात पाहून पडत नाही हे खरे. पण घर कुठे बांधायचे हे जात पाहून ठरलेले असते, विहीर कोणाची हे जात पाहून ठरलेले असते, आणि पोट कशावर भरायचे हेही. महाराच्या बलुत्याचेच पाहा. बलुते म्हणजे दुसऱ्याच्या पिकातला वाटा. पीक बुडाले की शेतकऱ्याचे धान्य कमी होते, पण बलुतेदाराचा वाटा आधी बंद होतो. घरात काही उरलेच नाही तर द्यायचे कशातून? ज्याच्याजवळ जमीन नाही त्याला सावकारही उभा करत नाही. त्यामुळे दुष्काळाची पहिली आठवडाभराची झळ महारवाड्या-मांगवाड्यांनाच लागते, आणि गावाला दुष्काळ पडल्याचे कळते ते त्यानंतर.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर आला तेव्हा असेच झाले. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची, रस्त्याची कामे काढली. सर रिचर्ड टेम्पल यांनी मजुरीत कपात करून पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा असा दर बसवला. अर्धपोटी माणसाने दिवसभर हातोडा चालवायचा आणि पौंडभर धान्यावर रात्र काढायची, असा तो हिशोब होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर बहिष्कार घातला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यातून दुष्काळ संहिता आल्या. पण कामावरचा मुकादम कोण, पाण्याचा माठ कोणाचा, अन्नछत्रातला स्वयंपाकी कोणत्या जातीचा हे प्रश्न संहितेने सोडवले नाहीत. शासन वरून येत होते, पण वाटप गावातल्याच हातांनी होत होते.

इथे चर्चचा प्रवेश होतो. मराठी मुलखात अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाय ठेवला आणि १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे केले. सुरुवातीला मिशनऱ्यांचे सगळे लक्ष ब्राह्मणांवर होते. वरचा वर्ग आला की खालचा आपोआप येईल अशी त्यांची समजूत. नगर जिल्ह्यातल्या महारांनी ती समजूत खोटी ठरवली. बोलावणे नसताना तेच आले. आपल्या वस्तीत शाळा हवी, मास्तर हवा, अशी मागणी घेऊन आले. मिशनच्या कामाचा ओघ त्यामुळे बदलला. हा इतिहास सांगताना मिशनऱ्याला कर्ता आणि महाराला कर्म करण्याची सवय लागली आहे. खरे तर खेड्यातल्या शाळेची पहिली मागणी वस्तीनेच केली.

दुष्काळात या शाळेचे महत्त्व वेगळ्या रीतीने दिसले. वस्तीत राहणारा मास्तर किंवा उपदेशक हा बहुधा त्याच समाजातला. कोणत्या घरात किती तोंडे आहेत, कोणाचा कर्ता पुरुष कामाच्या शोधात गेला, कोणाच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही, हे त्याला ठाऊक. दर रविवारी मंडळी एकत्र जमत, त्यामुळे कोण आले नाही हे लगेच कळे. मदतकार्यात हीच माहिती सर्वांत मोलाची असते. धान्य कुठूनही आणता येते, यादी मात्र बाहेरून आणता येत नाही. पाटील-कुलकर्ण्यांच्या यादीत महारवाडा शेवटी यायचा. मंडळीची यादी महारवाड्यापासूनच सुरू व्हायची.

दुसरे बलस्थान जिल्ह्याबाहेरच्या संबंधांचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्राने लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि मक्याने भरलेले 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आले. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांचा मोठा वाटा होता. याच काळात पंडिता रमाबाईंनी आधी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. अनाथ मुलांना नगरला सुतारकाम, विणकाम शिकवले गेले. या शिक्षणाने एक गोष्ट घडली. जातीने नेमून दिलेला धंदा सोडून दुसरा धंदा हातात आला. दोरखंड वळणाऱ्या मांगाचा पोर रंधा मारू लागला. दुष्काळ नसता तर हे कोणत्या गावाने होऊ दिले असते?

आता आक्षेपाकडे वळू. 'पोटासाठी बाटले' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात इतका रुळला आहे की तो उच्चारणाऱ्याला त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे वाटतच नाही. पोट रिकामे कोणी ठेवले, हा प्रश्न त्यात विचारला जात नाही. वतनावर, बलुत्यावर, उष्ट्यावर आणि मेलेल्या जनावरावर ज्यांना जगायला लावले त्यांनी भाकरीला हात पुढे केला तर तो त्यांच्या चारित्र्याचा दोष ठरतो. ती भाकरी शतकानुशतके अडवणाऱ्याचे चारित्र्य कोणी तपासत नाही. पण एवढे म्हणून थांबणे बरोबर होणार नाही. आक्षेपाची शहानिशा घटनांनीच करावी. त्यासाठी मराठी मुलखाबाहेरचे एक उदाहरण घ्यावे लागते, कारण तिथे ही गोष्ट जवळजवळ प्रयोगासारखी घडून आली.

तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लफ हे बॅप्टिस्ट मिशनरी होते. तिथल्या माडिगा समाजात, म्हणजे आपल्याकडच्या चांभार-मांगांसारखे चामड्याचे काम करणाऱ्यांत, येर्रागुंटला पेरिया या त्याच समाजातल्या माणसाने आधीच नव्या धर्माचा प्रचार चालवला होता. १८७६ नंतर दुष्काळ पडला. सरकारने बकिंगहॅम कालव्याचे काम काढले. क्लफ यांनी पाहिले की सरकारी कामावर माडिगांना वरच्या जातीचे मुकादम शिव्या देतात, मारतात, मजुरी कापतात. तेव्हा त्यांनी कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांचे कंत्राट स्वतः घेतले आणि त्यावर आपले, माडिगांतले, उपदेशक मुकादम म्हणून नेमले. मोजमाप त्यांचे, हजेरी त्यांची, मजुरीचे वाटप त्यांच्या हातचे. हजारो माणसे त्या छावणीतून गेली.

दुष्काळाच्या या काळात बाप्तिस्मा मागणारे पुष्कळ होते. क्लफ यांनी कोणालाही बाप्तिस्मा दिला नाही. धान्यासाठी आले असे होऊ नये म्हणून वर्षाहून अधिक काळ त्यांनी दार बंद ठेवले. मदत संपली, पाऊस झाला, मिशनकडे वाटायला काही उरले नाही. त्यानंतर लोक आले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा हजारोंनी वाढला.

भाकरी संपल्यावर ही माणसे कशासाठी आली? छावणीत त्यांना मजुरी मिळाली होती, पण मजुरी तर सरकारी कामावरही होती. फरक इतकाच की इथे त्यांच्यापैकीच एक जण वही घेऊन उभा होता आणि कोणी अंगावर ओरडत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा हिशोब आपल्या माणसाच्या हातात आहे हे त्यांनी पाहिले. माझ्या मते चर्चच्या मदतकार्याचा सगळा अर्थ या कंत्राटाच्या कागदात सामावला आहे. दान किती आले याला दुय्यम महत्त्व आहे. ते वाटण्याचा अधिकार कोणाच्या हाती गेला, यावर पुढचा इतिहास ठरला.

हे काम चर्चशिवाय होऊ शकत होते काय? होऊ शकत होते, आणि झालेही. १८७७ साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळपीडित मुलांना जेऊ घातले. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात दुष्काळाच्या कामात होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते मिशन पुण्याला येण्याआधी कोठे होते हे कोकणातल्या वाचकाला माहीत असायला हवे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली आपले काम सुरू केले ते बाणकोट आणि हर्णै येथे. पाद्र्यांच्या शाळेतून निघालेली वाट धर्मांतराकडेच गेली पाहिजे असे नव्हते. जोतीरावांनी ती सत्यशोधनाकडे नेली. पण परक्या पोराला पंगतीत बसवण्याचे धैर्य कुठेतरी पाहिलेले असावे लागते.

मग मिशन कोकणातच सुरू झाले असताना कोकणात चर्च वाढले का नाही? याची कारणे धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा पावसात आणि रोजगारात शोधावीत. कोकणात देशावरच्यासारखा सलग अवर्षणाचा दुष्काळ क्वचित पडतो. इथली उपासमार खोताने लादलेली होती. ती सालोसाल चालणारी असल्याने तिच्यासाठी कोणी जहाज पाठवत नाही. आणि कोकणातल्या महाराला बाहेर पडायच्या दोन वाटा सापडल्या होत्या, एक पलटणीची आणि दुसरी मुंबईची. दापोलीला पेन्शनर महारांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले आणि तिथून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. पलटणीने अक्षर दिले, पेन्शन दिले आणि पाठ ताठ ठेवायला शिकवले. नगरमध्ये जे मिशनने केले त्यातले बरेच इथे पलटणीने केले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७३ साली रत्नागिरीत ठाणे केले, वेंगुर्ल्याला सेंट लूक रुग्णालय उभे राहिले, मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि तिथवर कोकणातले रोगी घाट चढून जात. या दवाखान्यांची सेवा मोठी आहे. पण मंडळी लहानच राहिली. १९५६ नंतर कोकणातला पूर्वाश्रमीचा महार बुद्धाला शरण गेला. म्हणून आज आरे-वारेच्या बाजूला चर्चची गाडी आली तर ती आपल्या मंडळीकडे येत नाही. ती अशा वस्तीकडे येते जिचा धर्म वेगळा आहे आणि जिने तो समजून-उमजून निवडला आहे. मदत करणाऱ्याची परीक्षा होते ती अशाच ठिकाणी.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार बारकाईने केला होता. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ज्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांना आमंत्रणे दिली त्यांत मेथडिस्ट बिशप बॅडली होते. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंड ५ मध्ये अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर त्यांचे दोन निबंध आहेत. मिशनऱ्यांच्या सेवेची नोंद ते घेतात. पण त्यांचे प्रश्न कडक आहेत. मिशनने काढलेल्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा लाभ प्रत्यक्षात उच्चवर्णीयांनी किती घेतला आणि धर्मांतरित अस्पृश्याच्या पदरात किती पडला? ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यावर अन्याय झाला तर मंडळी लढायला उभी राहते काय? त्यांच्या मते एक अडचण शिकवणुकीतच होती. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाई की तुझी दशा पूर्वजन्मीच्या कर्माने झाली; ख्रिस्ती झाल्यावर तो पापाची भाषा शिकला. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी राहिला आणि समाजरचना सुटली.

हा आक्षेप मदतकार्यालाही लागू पडतो. दुःखिताला आधार देणारी संस्था दुःखाचे कारण विचारत नसेल तर ती पुढच्या आपत्तीची वाट पाहत बसते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत 'महार ख्रिस्ती', 'मांग ख्रिस्ती' हे शब्द कसे टिकले? एका धर्मात येऊनही सोयरिकी जातीतच का होत राहिल्या? दक्षिणेत चर्चमध्ये बाक वेगळे, दफनभूमीत भिंत वेगळी, हे तर जगजाहीर आहे. दुष्काळात एका पातेल्यातून जेवलेली माणसे सुकाळात पुन्हा वेगळी बसली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की शिवाशीव मनातून काढायला बाप्तिस्मा पुरत नाही, रोजच्या हांड्या-घागरीशी झगडावे लागते. बाईंनी तो झगडा केला आणि तो प्रामाणिकपणे लिहून ठेवला. प्रत्येक मंडळीने केला असे म्हणता येत नाही.

मंडळीच्या बाहेर राज्यसंस्थेनेही धर्मांतरिताची कोंडी केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीत गणले नाही. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला तो १९९० मध्ये. तोवर महाराष्ट्राने १९६० पासून दिलेल्या राज्यापुरत्या सवलतींवरच आपण होतो. चौतीस वर्षे ही कोंडी आपण भोगली आहे, तेव्हा दलित ख्रिस्त्यांची कोंडी आपल्याला समजावून सांगायला नको. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा सूसै नावाचा माणूस होता. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या. हा ख्रिस्ती, म्हणून याला मिळाली नाही. शेजारी बसणाऱ्याचा धंदा तोच, जात तीच, ऊन तेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याची मागणी फेटाळली. ख्रिस्ती समाजातही तेवढेच मागासलेपण टिकून आहे हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. 'पोटासाठी बाटले' म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही मांडावा. या देशात दलिताने ख्रिस्ती होणे हा कायद्याच्या दृष्टीने नुकसानीचा सौदा आहे.

धर्मांतरावरच्या कायद्यांचा इतिहास मोठा आहे, तो इथे सांगत बसत नाही. मध्य प्रदेशाच्या कायद्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली जी समिती नेमली तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश नियोगी होते. समितीने १९५६ साली मिशनऱ्यांवर कडक ताशेरे ओढणारा अहवाल दिला, आणि त्याच वर्षी नियोगींनी नागपूरला बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली! धर्मांतराला त्यांचा विरोध नव्हता, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

आज चर्चचे मदतकार्य कसे चालते? १९४७ च्या फाळणीत निर्वासितांसाठी प्रॉटेस्टंट चर्चांनी जे काम सुरू केले त्यातून 'कासा' ही संस्था उभी राहिली. कॅथलिकांची 'कारितास इंडिया' १९६२ ची. आपत्ती आली की मोठी संस्था पैसा, ताडपत्री, भांडी, पाण्याच्या गोळ्या पाठवते. स्थानिक मंडळी किंवा धर्मग्राम जागा, माणसे आणि यादी देते. चर्चचे सभागृह गोदाम बनते, मिशनच्या दवाखान्यातल्या परिचारिका फिरत्या पथकात जातात, तरुण संघाची मुले पोती उचलतात. मोठ्या संस्थेला गाव माहीत नसते आणि लहान मंडळीकडे पैसा नसतो. दोघांची सांगड घातली म्हणजे काम होते.

ही सांगड २०२० मध्ये ढिली झाली. त्या वर्षी सप्टेंबरात परदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून आलेला पैसा घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली, आणि व्यवस्थापनावरच्या खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेने तालुक्यातल्या छोट्या मंडळाला पैसा पाठवून काम करून घ्यायची जी रीत होती ती बंद पडली. वर्षभरात चिपळूण-महाड बुडाले. हा कायदा फक्त चर्चच्या संस्थांना लागला असे नाही, दलित आणि स्त्रियांच्या लहान संघटनांनाही लागला. ज्यांच्याकडे यादी होती त्यांच्याकडे पैसा येण्याची वाट आकसली, आणि ज्यांच्याकडे पैसा राहिला त्यांना पऱ्यापलीकडची वाडी माहीत नव्हती.

सरकारी मदतीची रचना पाहिली तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नवे घर किती मोठे मिळणार हे जमिनीवर ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, त्यावरच्याला चारशे, सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्याला साडेसातशे. भूकंपाने वाडे आणि झोपड्या एकाच रात्री पाडल्या. पुनर्वसनाने मोजपट्टी घेऊन तीच उतरंड पुन्हा बांधली, आणि यावेळी सिमेंटात बांधली. २००१ च्या कच्छ भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत मदत-छावण्यांतल्या जातिभेदाच्या नोंदी अभ्यासकांनी करून ठेवल्या आहेत. नागपट्टणमच्या बाजूला दलितांना निवाऱ्यात आणि पाण्यापाशी येऊ दिले गेले नाही. समुद्राने गाव धुऊन नेले तरी पाण्याच्या टाकीवरचा विटाळ धुतला गेला नाही.

कोकणात हे कसे घडते? वादळानंतर तलाठी पंचनामा करतो. आंब्या-नारळाची भरपाई सातबारा ज्याच्या नावावर त्याला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तिच्याविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ सालीच मांडले होते. पण खोती गेल्यावर जमीन कुळाच्या नावावर चढली ती बऱ्याच ठिकाणी अर्धवट, आणि ज्यांना कूळ म्हणूनही कधी नोंदवले नाही त्यांच्या नावावर काहीच चढले नाही. दुसऱ्याच्या बागेत आंबा उतरवणाऱ्या, नारळ पाडणाऱ्या, कोळंबी निवडणाऱ्या माणसाचा हंगाम बुडतो त्याला पंचनाम्यात रकाना नाही. घर पडले तर भरपाई मिळते, पण घराखालची जागा नावावर नसेल तर कागद अडतो. चर्चची किंवा कोणाचीही बिनसरकारी मदत या फटीत उपयोगी पडते. तिला सातबारा मागायची गरज नाही. तरीही अनेक संस्था सोयीसाठी सरकारी यादीच उचलतात आणि ज्याला एकदा वगळले त्यालाच दुसऱ्यांदा वगळतात.

म्हणून किनाऱ्यावर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी चर्चच्या मदतीकडे पाहताना 'हे धर्म वाटतात की धान्य' एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. मदतीबरोबर प्रार्थनेची सक्ती असेल तर ती नाकारावी, आणि तसे तोंडावर सांगावे. स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्या वस्तीला तेवढे बळ असले पाहिजे. पण सक्ती नसेल तर केवळ क्रूस पाहून गाडी परत पाठवणे हा कोणाचा स्वाभिमान? त्या निर्णयाची किंमत कोण मोजते? बहुतेक वेळा निर्णय पुढाऱ्याचा आणि उपास म्हातारीचा. ओंगोलच्या कालव्यावर जे झाले ते इथे करता येते. वही आपल्या माणसाच्या हातात ठेवावी. वाडीची यादी वाडीनेच करावी, तीही पावसाळ्याच्या आधी : किती घरे, किती म्हातारे, किती गरोदर बाया, कोणाचे छप्पर कच्चे, कोणती पायवाट पहिल्या पावसात बुडते. चर्चवाले आले, बुद्धविहाराचे तरुण आले, मुंबईचे ग्रामस्थ मंडळ आले तरी यादी तीच द्यावी आणि वाटप वाडीतच करायला लावावे. मुंबईची मंडळे भांडी, चादरी घेऊन येतात तेव्हा तीही डांबरी रस्त्यावरच थांबतात, हेही सांगून टाकावे. आपल्या माणसांना सूट देण्याचे कारण नाही.

आणखी एक कागद मागून घ्यावा. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्याखाली जिल्ह्याचा आराखडा होतो, गावपातळीवरही आराखडे केले जातात. आपल्या गावाचा आराखडा ग्रामसभेत वाचायला लावावा. त्यात वादळाच्या वेळी लोकांनी आसरा घेण्याची जागा लिहिलेली असते. ती जिल्हा परिषदेची शाळा असेल तर बौद्धवाडीतून तिथे जाणारी वाट रात्री, पावसात, पऱ्याला पाणी आल्यावर चालते काय ते पाहून यावे. ती जागा देवळाचा सभामंडप असेल तर त्याच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ असते आणि आडवेळी ती कोण आणून देणार, हे नावानिशी त्याच कागदावर लिहून घ्यावे.